अकरा डीन आणि एक प्रश्न

दुकान कसे चालवावे, कारखाना कसा चालवावा, माणसे कशी सांभाळावीत आणि पैशाचा हिशेब कसा ठेवावा, हे शिकवणाऱ्या संस्था आता आपल्याकडे गावोगावी झाल्या आहेत. मुलगा किंवा मुलगी एमबीएला जायचे म्हणते तेव्हा घरातली मोठी माणसे दोन प्रश्न विचारतात. फी किती? आणि नोकरी कुठे लागते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कर्ज काढून शिकवायचे असेल तर ते विचारायलाच हवेत. पण मी अनेक वर्षे हा विषय शिकवला, आणि तिसरा एक प्रश्न मला कोणा पालकाने विचारल्याचे आठवत नाही. ही संस्था चालवते कोण, आणि कशी? दुसऱ्यांना कारभार शिकवणाऱ्यांचा स्वतःचा कारभार कसा आहे?

या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका संस्थेच्या इतिहासात शोधू या. ही संस्था म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बिझनेस स्कूल. हीच का निवडली, तर एमबीए ही पदवी पहिल्यांदा तिथे सुरू झाली. तिथली शिकवण्याची पद्धत पुढे आपल्याकडे आली. आणि तिथले दहावे व अकरावे प्रमुख भारतात शिकून गेलेले आहेत.

तिथल्या प्रमुखाला डीन म्हणतात. आपल्या विद्यापीठांच्या भाषेत अधिष्ठाता. १९०८ पासून आजवर या स्कूलला अकरा डीन लाभले. शंभराहून अधिक वर्षांत अकरा माणसे, म्हणजे सरासरीने प्रत्येकाला दहा वर्षांहून थोडा अधिक काळ मिळाला. डीनची नेमणूक विद्यापीठाचे अध्यक्ष करतात. ऐकायला हे पद मोठे वाटते, पण त्याच्या हाती हुकूम देण्याची सत्ता फार थोडी असते. कायम झालेल्या प्राध्यापकाला तो सहजासहजी काढू शकत नाही. कोणी काय संशोधन करावे हेही तो सांगू शकत नाही. शिवाय हार्वर्डमध्ये प्रत्येक स्कूलने आपला खर्च आपणच भागवायचा, अशी जुनी रीत आहे. म्हणजे कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरची जबाबदारी आहे, पण तसा अधिकार नाही. मग असा माणूस संस्थेला दिशा देतो ती कशाच्या बळावर?

पहिले डीन एडविन गे यांच्यापासून सुरुवात करू. हे गृहस्थ व्यापारी नव्हते. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते, जर्मनीत बरीच वर्षे राहून शिकलेले. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी त्यांच्या हाती ही नवी शाळा दिली, तीही एक प्रयोग म्हणून. व्यापार हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, हेच तेव्हा अनेक विद्वानांना पटत नव्हते. कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र शिकवावे. पण दुकानदारीला पदवी कशाला?

गे यांनी वाद घालण्यापेक्षा अभ्यास हाती घेतला. १९११ मध्ये त्यांनी व्यापार-संशोधनाचा विभाग काढला आणि पहिला विषय घेतला बुटांच्या किरकोळ दुकानांचा. बुटांचा एक जोड विकायला दुकानदाराला नेमका किती खर्च येतो? साधा प्रश्न, पण त्याचे खात्रीचे उत्तर कोणाकडे नव्हते, कारण प्रत्येकाची हिशेब लिहिण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून आधी दुकानांसाठी एकसारखी हिशेबपद्धती तयार करावी लागली. व्यापाराचा धंदा म्हणजे रास्त नफा, तोही रास्त मार्गाने मिळवणे, अशी गे यांची व्याख्या होती. या व्याख्येतला दुसरा 'रास्त' लक्षात ठेवा. पुढची शंभर वर्षे ही संस्था त्याच शब्दापाशी पुन्हा पुन्हा येऊन अडखळलेली दिसेल.

१९१९ मध्ये गे न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा कारभार पाहायला गेले आणि वॉलेस डॉनम डीन झाले. ते कायद्याचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकर. कायद्याच्या शिक्षणात त्यांनी पाहिले होते की, विद्यार्थी नियम पाठ करत नाहीत, खटले वाचतात आणि वर्गात त्यांवर भांडतात. डॉनम यांच्या मनात आले, हेच व्यापारात का करू नये? खरी कंपनी घ्यावी, तिच्यापुढची खरी अडचण लिहून काढावी, आणि विद्यार्थ्याला विचारावे, तू त्या खुर्चीवर असतास तर काय केले असतेस? यालाच 'केस' म्हणतात. १९२१ मध्ये लिहिली गेलेली इथली पहिली केस एका बुटांच्या कंपनीचीच होती.

ही पद्धत वरवर सोपी वाटते. मी वर्गात केस शिकवायचो तेव्हा तासाच्या शेवटी एखादा मुलगा हमखास उभा राहून विचारायचा, "सर, पण बरोबर उत्तर कोणते?" गंमत अशी की केसला बरोबर उत्तर नसते. अपुरी माहिती, थोडा वेळ, आणि निर्णय तर घ्यायचाच, ही कारभाऱ्याची रोजची अवस्था असते. तिची सवय वर्गात करून द्यायची, हा डॉनम यांचा हेतू. त्यासाठी प्राध्यापकांना कारखान्यांत आणि पेढ्यांत पाठवावे लागले, शेकडो केस लिहून घ्याव्या लागल्या. १९२२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' हे नियतकालिक निघाले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे बँकर जॉर्ज एफ. बेकर यांच्याकडे दहा लाख डॉलर मागायला लोक गेले, तर त्यांनी सगळी शाळा मलाच बांधू देणार असाल तर पन्नास लाख देतो, असे सांगितले. चार्ल्स नदीच्या बॉस्टनकडील काठावर आज जी शाळा दिसते तिचे उद्घाटन १९२७ चे. डॉनम १९४२ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे डीन होते. इतकी वर्षे पुढे कोणालाच मिळाली नाहीत.

तिसरे डीन डोनाल्ड डेव्हिड. ते याच स्कूलचे जुने विद्यार्थी आणि मधल्या काळात उद्योगात मुरलेले. त्यांच्या वाट्याला दुसरे महायुद्ध आले. नेहमीचा एमबीए वर्ग काही काळ बंद ठेवून लष्करी अधिकाऱ्यांना पुरवठा, आकडेवारी, नियोजन शिकवले गेले. युद्ध संपताच १९४५ मध्ये अनुभवी अधिकाऱ्यांसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम नियमित सुरू झाला. चाळिशीतला माणूस पुन्हा बाकावर बसून शिकू शकतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे १९७५ मध्ये रतन टाटा यांनी केला तो हाच अभ्यासक्रम.

यानंतर स्टॅन्ली टील आले, आणि १९६२ मध्ये जॉर्ज पी. बेकर. हे बेकर देणगीदार बेकरांहून वेगळे, नावात फसू नका. या काळातल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, १९६३ मध्ये स्त्रियांना एमबीएच्या पूर्ण दोन वर्षांच्या वर्गात पहिल्यांदा प्रवेश मिळाला. त्या वर्षी आठ जणी आल्या. म्हणजे संस्था स्थापन झाल्यावर पंचावन्न वर्षांनी!

दुसरी गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली. डिसेंबर १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. विक्रम साराभाईंचा त्यात पुढाकार होता. केंद्र सरकार, गुजरात सरकार, उद्योगपती आणि फोर्ड फाउंडेशन यांच्या बरोबरीने हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिला हात दिला. अहमदाबादचे तरुण प्राध्यापक तिकडे जाऊन शिकून आले आणि केसची पद्धत इथे रुजली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिच्या मागे अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचे साहाय्य होते.

अहमदाबादच्या संस्थेचा विषय निघाला की मला रवी मथाई आठवतात. १९६५ मध्ये ते तिथले पहिले पूर्णवेळ संचालक झाले, तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, कलकत्त्याच्या एका कंपनीतला अनुभव होता. सात वर्षांत संस्था नावारूपाला आली, आणि १९७२ मध्ये, कोणी जा म्हणत नसताना, त्यांनी संचालकपद सोडले. संस्था सोडली नाही. त्याच आवारात साधे प्राध्यापक म्हणून ते शिकवत राहिले, नव्या संचालकाच्या हाताखाली. पुढे राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांबरोबर त्यांनी काम केले. एकाच माणसाने फार काळ खुर्चीवर बसू नये, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवून दिले. आपल्याकडे किती संस्थांमध्ये असे घडते, ते तुम्हीच आठवून पाहा.

पुन्हा हार्वर्डकडे वळू. १९७० ते १९८० लॉरेन्स फोरेकर डीन होते. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९७९ मध्ये, खुद्द हार्वर्डचे अध्यक्ष डेरेक बॉक यांनी आपल्या वार्षिक अहवालात या स्कूलवर टीका केली. केसच्या पद्धतीवर इतका भर कशाला, संशोधन कमी पडत नाही का, व्यापाराच्या सामाजिक जबाबदारीचे काय, असे त्यांचे प्रश्न होते. स्वतःच्याच विद्यापीठाच्या प्रमुखाने असे जाहीर लिहिणे किती झोंबले असेल! पण स्कूल बंद पडले नाही आणि केसही गेली नाही. १९८० मध्ये जॉन मॅकार्थर डीन झाले आणि पंधरा वर्षे राहिले. कॅनडातल्या लाकडाच्या गिरणीत तरुणपणी काम केलेला हा माणूस. त्यांनी संशोधनाला बळ दिले.

त्यांच्याच काळात वॉल स्ट्रीटवर आतल्या बातम्या वापरून शेअरमध्ये पैसे करणाऱ्यांची प्रकरणे गाजली. १९८७ मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामक मंडळाचे प्रमुख जॉन शॅड, जे याच स्कूलचे १९४९ चे विद्यार्थी, यांनी नीतिशास्त्र शिकवण्यासाठी दोन कोटी डॉलर देऊ केले. ज्याचे काम चोर पकडण्याचे, त्यालाच वाटले की शाळेतच काही शिकवले पाहिजे. गे यांचा तो दुसरा 'रास्त' पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

पण देणगीने नीती येतेच असे नाही. आठवे डीन किम क्लार्क यांच्या काळात, २००१ च्या डिसेंबरात, एन्रॉन कंपनी कोसळली. दाभोळमुळे हे नाव महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. तिचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग १९७९ चे इथलेच एमबीए, आणि २००६ मध्ये ते न्यायालयात दोषी ठरले. क्लार्क यांनी संस्थेत संगणक आणि इंटरनेट खोलवर नेले, देशोदेशी संशोधन केंद्रे काढली. पण एन्रॉननंतर नेत्याचे उत्तरदायित्व हा विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा करावा लागला. पुढचे डीन जे लाइट हे अर्थकारणाचे प्राध्यापक. त्यांच्या काळात २००८ मध्ये संस्थेची शताब्दी आली. सोहळा ऑक्टोबरचा, आणि लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली ती त्याच्या आदल्या महिन्यात, १५ सप्टेंबरला. मोठमोठ्या बँकांच्या खुर्च्यांवर अशाच शाळांचे पदवीधर बसलेले होते. पाहुणे जमले ते अशा हवेत. २००९ मध्ये तिथल्या पदवीधर होणाऱ्या शेकडो मुलामुलींनी, डॉक्टर घेतात तशी, व्यवस्थापकाची शपथ घेतली. शपथेने काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण मागणी वरून आली नव्हती, मुलांकडून आली होती, हे विशेष.

व्यवस्थापन हा वकिली किंवा डॉक्टरीसारखा, स्वतःची आचारसंहिता असलेला पेशा व्हावा, असे त्या सुमारास लिहिणाऱ्यांत नितीन नोहरिया होते. राजस्थानात जन्मलेले, पवईच्या आयआयटीतून १९८४ मध्ये केमिकल इंजिनीअर झालेले नोहरिया जुलै २०१० मध्ये दहावे डीन झाले. त्याच वर्षी टाटा उद्योगसमूहाने संस्थेला पाच कोटी डॉलर दिले, त्यातून टाटा हॉल उभा राहिला. नोहरियांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्गाबाहेर काढले आणि मुंबईसारख्या शहरांतल्या कंपन्यांत प्रत्यक्ष कामाला पाठवले.

पण मला त्यांची आठवण राहते ती जानेवारी २०१४ मधल्या एका सभेमुळे. सॅन फ्रान्सिस्कोत माजी विद्यार्थिनींपुढे बोलताना त्यांनी, संस्थेत स्त्रियांना अनेकदा अपमानास्पद वागणूक मिळाली, त्यांना परके वाटले, याबद्दल संस्थेच्या वतीने जाहीर माफी मागितली. नुसती माफी मागून ते थांबले नाहीत. संस्थेत शिकवल्या जाणाऱ्या केसपैकी मुख्य पात्र स्त्री असलेल्या केस सुमारे ९ टक्के होत्या, त्या पाच वर्षांत २० टक्क्यांवर नेऊ, असा शब्द दिला. हा आकडा बारकाईने पाहा. 'तू त्या खुर्चीवर असतास तर' हा डॉनम यांचा प्रश्न नव्वद वर्षे बहुतेक वेळा पुरुषाच्याच खुर्चीबद्दल विचारला जात होता. वर्गातल्या मुलीने रोज दुसऱ्याच्या खुर्चीत बसून विचार करायचा. ती खुर्ची तिचीही आहे, हे तिला कळावे कसे?

कोरोनाच्या साथीमुळे नोहरिया ठरल्यापेक्षा सहा महिने अधिक थांबले. १ जानेवारी २०२१ रोजी अकरावे डीन म्हणून श्रीकांत दातार यांनी सूत्रे घेतली. मुंबई विद्यापीठाचे १९७३ चे पदवीधर, चार्टर्ड अकाउंटंट, अहमदाबादच्या संस्थेतून १९७८ मध्ये पदविका, मग स्टॅनफर्डची पीएचडी. ज्या रोपट्याला हार्वर्डने पाणी घातले, त्याचेच फळ साठ वर्षांनी हार्वर्डच्या खुर्चीवर आले, असे म्हणायला हरकत नाही. कॉस्ट अकाउंटिंगचे त्यांचे सहलेखन असलेले जाडजूड पाठ्यपुस्तक आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांनी हाताळलेले असेल.

दातार यांनी २०१० मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एमबीए शिक्षणाचा फेरविचार करणारे पुस्तक लिहिले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माहिती असणे, करता येणे आणि आपण कोण आहोत याचे भान असणे, अशा तीन गोष्टी शिकवायला हव्यात. शाळा पहिली गोष्ट भरपूर शिकवतात, उरलेल्या दोन्हींत कमी पडतात. डीन झाल्यावर त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विदा, म्हणजे डेटा, यांच्या शिक्षणाला जोर दिला. २०२२ मध्ये सर्वांत गरजू अशा सुमारे १० टक्के विद्यार्थ्यांची पूर्ण शिक्षण-फी माफ करण्याचे जाहीर झाले.

अवघड परीक्षाही त्यांच्या वाट्याला आली. प्रामाणिकपणा या विषयावरच संशोधन करणाऱ्या तिथल्या एका नामवंत प्राध्यापिकेच्या शोधनिबंधांतील आकडेवारीबद्दल शंका घेतल्या गेल्या. संस्थेने चौकशी केली, २०२३ मध्ये त्यांना रजेवर पाठवले. त्यांनी आरोप नाकारले आणि विद्यापीठाविरुद्ध व डीनविरुद्ध न्यायालयात गेल्या. २०२५ मध्ये हार्वर्डने त्यांचे कायमपद काढून घेतले. घरातल्या माणसाची चौकशी करणे कोणत्याही प्रमुखाला सोपे नसते. प्रकरण दाबून टाकणे त्याहून सोपे असते, आणि तिथेच संस्थेचा कस लागतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हुकमाची सत्ता नसलेल्या या अकरा माणसांनी दिशा दिली ती कशाने? मला दिसते ते असे. गे यांनी विचारले, खर्च किती येतो? डॉनम यांनी विचारले, तू काय केले असतेस? नोहरियांनी विचारले, आपल्या वर्गात परके कोणाला वाटते? दातार यांनी विचारले, शिकलेला माणूस करतो काय आणि होतो काय? एक चांगला प्रश्न संस्थेच्या मध्यभागी आणून ठेवायचा, आणि तो सुटेपर्यंत माणसे, पैसा व वेळ त्याच्यामागे उभा करायचा, हे प्रमुखाचे खरे काम. आणि 'नफा रास्त मार्गाने मिळाला का?' हा गे यांचा प्रश्न मात्र अकराही जणांना मिळून सुटलेला नाही. तो पुढच्या डीनकडेही जाईल.

आपल्याकडच्या कितीतरी संस्थांमध्ये संचालकाच्या दारावर वर्षानुवर्षे 'प्रभारी' अशी पाटी असते. प्रभारी माणूस सह्या करतो, बैठका घेतो. पण दहा वर्षांनी संस्था कुठे असावी, हे ठरवण्याची उमेद त्याने कुठून आणावी? दुसऱ्या टोकाला, काही ठिकाणी एकच व्यक्ती इतकी वर्षे बसते की संस्था आणि ती व्यक्ती यांत फरकच उरत नाही. दोन्हींचा तोटा फी भरणाऱ्या मुलांना होतो.

म्हणून यंदा घरातले कोणी एमबीएला निघाले असेल, तर फी आणि पॅकेज जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा की, संचालक पूर्णवेळ आहेत का, ते स्वतः वर्गात शिकवतात का, आणि आधीचे संचालक आता काय करतात? ते त्याच आवारात शिकवताना दिसले, तर संस्थेबद्दल बरेच काही कळून येईल.